अरण्यातले धबधबे आणि त्यांचे तुषार

पावसाळ्यात कॅसलरॉकहून गोव्यात उतरणारी आगगाडी दूधसागरापाशी आली की डब्यातली सगळी माणसे एका बाजूस गोळा होतात. हा प्रवास ज्यांनी पन्नास वेळा केला आहे तेही उठतात. घाटात शिरल्यापासून "खिडकी बंद करा, पोराला गारठा होईल" म्हणणारी आजी स्वतःच काच वर करते, आणि क्षणभर सर्वांच्या तोंडावर बारीक पाणी येते. पुढच्या क्षणी बोगदा. मग पुसलेल्या चष्म्यांतून माणसे एकमेकांकडे पाहून हसतात, आणि थांबलेले बोलणे पुन्हा लग्नकार्यावर आणि जागेच्या भावावर येते.

हे जे तोंडावर आलेले बारीक पाणी, त्याविषयी मला या लेखात लिहावयाचे आहे. संपादक मंडळींनी जगातील धबधब्यांवर काहीतरी माहितीपर लिहा म्हणून सुचविले, तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे आले ते उंचीचे तक्ते. अमुक धबधबा इतके मीटर, तमुक तितके. परंतु असे तक्ते कोणत्याही कोशात मिळतात, आणि ते वाचून कोणाच्या ज्ञानात फारशी भर पडते असे वाटत नाही. धबधबा म्हणजे केवळ वरून पडणारे पाणी नव्हे. ते पडताना जे तुषार उडतात, त्यांवर जगणारे एक छोटे राज्य त्याच्या पायथ्याशी असते. उष्ण कटिबंधातील पावसाळी अरण्यांत हे राज्य सर्वांत समृद्ध असते, आणि गेल्या पन्नास वर्षांत ते सर्वांत जास्त धोक्यातही तेथेच आले आहे.

आधी धबधबा होतो कसा ते पाहू. शाळेत आपण शिकलो ते असे की नदीच्या वाटेत वर कठीण खडक आणि खाली मऊ खडक असला, की मऊ खडक लवकर झिजतो, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो, आणि पाणी त्यावरून खाली उडी घेते. पुढे खालचा आधार पोकळ झाला की छज्जा कोसळतो आणि धबधबा थोडा मागे, उगमाच्या दिशेने सरकतो. म्हणजे प्रत्येक धबधबा हा मागे मागे चाललेला प्रवासी आहे. हे सर्व खरे. तथापि एवढ्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. दक्षिण अमेरिका, मध्य आफ्रिका, आपला सह्याद्री येथील नद्यांना वाटेत इतक्या पायऱ्या का? इतके प्रचंड पाणी लक्षावधी वर्षे वाहूनही त्या पायऱ्या घासून सपाट का झाल्या नाहीत?

याचे एक मोठे कारण आपल्या घराच्या भिंतीतच आहे. बेळगाव, कोकण आणि गोव्याकडील जुनी घरे ज्या तांबड्या जांभ्या दगडाची बांधलेली असतात, तो जांभा म्हणजे कुजलेला खडक होय. उष्णता आणि पाऊस एकत्र आले की खडक नुसता फुटत नाही. त्यातील द्रव्ये विरघळून जातात, आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची तांबडी माती किंवा जांभा उरतो. थंड प्रदेशात बर्फाने कातळ तडकून त्याचे दगडगोटे होतात आणि ते नदीत घरंगळतात. नदी खडक कापते ती मुख्यतः या गोट्यांच्या घासणीने. नुसते पाणी म्हणजे पाजळण्याच्या दगडावाचून फिरविलेला हात. उष्ण अरण्यातील नदीच्या पाण्यात गाळ आणि चिकणमाती पुष्कळ असते, गोटे मात्र कमी. म्हणून तिच्याजवळ पाणी असूनही हत्यार नाही, आणि जुन्या पठारांच्या कडांवरच्या पायऱ्या दीर्घकाळ तशाच राहतात, असे भूगोलाचे अनेक अभ्यासक मानतात. आणि पठारे तर तेथे फार जुनी आहेत. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेस गयानाचे पठार आहे, त्याच्या बुडाचा खडक पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांपैकी आहे.

याच पठारावर, गयाना देशात, पोटारो नदीवर कायतुर नावाचा धबधबा आहे. मला विचाराल तर जगातील अरण्यप्रपातांत याच्यासारखा दुसरा नाही. उंचीत व्हेनेझुएलातील एंजल याहून चौपट आहे. पण एंजलचे पाणी ९७९ मीटर खाली येईपर्यंत उन्हाळ्यात त्याचे निव्वळ धुके होते. (या एंजलला आपल्याकडे काही लेखक 'देवदूत धबधबा' म्हणतात ते बरोबर नव्हे. जिमी एंजल नावाचा एक अमेरिकन वैमानिक सोन्याच्या शोधात १९३३ साली त्या कड्यावरून उडाला, १९३७ साली वरच्या पठारावर विमान उतरवू गेला, ते चिखलात रुतले, आणि तो, त्याची पत्नी व दोन सोबती अकरा दिवस पायपीट करून खाली आले. त्याच्या आडनावावरून हे नाव पडले. तेथील पेमोन लोक त्यास केरेपाकुपाई मेरू म्हणतात.) कायतुर २२६ मीटर, म्हणजे ७४१ फूट, एका सरळ उडीत पडतो, आणि तेही सेकंदाला सरासरी साडेसहाशेहून अधिक घनमीटर पाण्यानिशी. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, हे ध्यानात घेतले म्हणजे हिशेब लागतो. उंच धबधबे पुष्कळ आहेत, मोठ्या पाण्याचेही आहेत; दोन्ही गोष्टी एका ठिकाणी, एका उडीत, क्वचितच आढळतात. आपला जोग २५३ मीटर म्हणजे याहून थोडा उंचच. पण त्याचे पाणी पावसाळ्यातले. गयानात वर्षातून दोन पावसाळे असतात आणि पोटारो बारा महिने वाहते.

तिचे पाणी मात्र पांढरे नाही. कड्यावर येईपर्यंत ते कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. अरण्यात कुजणाऱ्या पानांचा अर्क त्यात उतरलेला असतो. कड्यावरून सुटल्यावर ते पिवळसर, मग फिकट, मग पांढरे होत जाते. कठडे वगैरे काही नाहीत. जॉर्जटाऊनहून लहान विमानाने तासाभरात तेथे जाता येते, नाहीतर जमिनीने आणि नदीने कित्येक दिवसांची वाट.

२४ एप्रिल १८७० रोजी चार्ल्स बॅरिंग्टन ब्राऊन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने हा धबधबा पाहिला, आणि मग युरोपास तो 'सापडला'. पाटामोना लोकांना तो अर्थातच सापडावयाचा नव्हता. त्यांची एक कथा अशी की काय नावाच्या वृद्ध नायकाने आपल्या लोकांचे शत्रूपासून रक्षण व्हावे म्हणून होडीत बसून स्वतःस कड्यावरून महान आत्म्यास अर्पण केले. दुसरी कथा तितकी उदात्त नाही. ती म्हणते की एक म्हातारा सर्वांस इतका नकोसा झाला होता की नातेवाइकांनीच त्याला होडीत घालून प्रवाहात ढकलले! दोन्ही कथांतील म्हातारा एकच असावा आणि सांगणारी घराणी वेगळी असावीत, असे मला वाटते.

पण कायतुरचे खरे वैभव पाण्याच्या बाजूस आहे. त्या प्रपाताच्या मागे, खालचा मऊ खडक झिजून, एक विशाल पोकळी झालेली आहे. संध्याकाळी पाकोळ्यांचे थवेच्या थवे आकाशातून खाली येतात, पडत्या पाण्याच्या कडेने सूर मारतात आणि पडद्यामागे नाहीसे होतात. रात्रभर त्या तेथे ओल्या कातळास चिकटून असतात. त्या पडद्याच्या आत कोणता शत्रू येणार? दक्षिणेकडे ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरील इग्वासू धबधब्यातही दुसऱ्या जातीच्या पाकोळ्या नेमके हेच करतात, आणि अर्जेंटिनातील इग्वासू उद्यानाने तोच पक्षी आपले बोधचिन्ह म्हणून घेतला आहे.

कायतुरच्या कड्यावर तुषारांनी सदैव भिजलेल्या जागी एक अजस्र वनस्पती उगवते. अननसाच्या कुळातली. अननसाचे झाड ज्यांनी पाहिले आहे त्यांनी त्याची पाने मनुष्याच्या उंचीहून मोठी झाली आहेत अशी कल्पना करावी. या पानांच्या बेचक्यांत पाणी साठते. त्या पाण्यात एक सोनेरी रंगाचा, अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक राहतो. अंडी तो त्यातच घालतो, बेडूकमासे त्यातच वाढतात, नर त्यांवर पहारा करतो. त्याला खाली जमिनीवरील डबक्याची गरजच नाही. एका झाडाच्या खोबणीतले पाणी हे त्याचे गाव, आणि ते गाव भरलेले राहते ते पावसाने आणि धबधब्याच्या तुषाराने. १९२९ साली हा सर्व भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. आजही त्या प्रपातावर धरण नाही.

तुषाराची शक्ती किती असते याचा सर्वांत स्पष्ट दाखला मात्र पावसाळी अरण्यात नाही, कोरड्या माळरानात आहे. झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधबा, ज्यास तेथील लोक मोसी-ओआ-तुन्या म्हणजे 'गरजणारा धूर' म्हणतात, तो झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर आहे. भोवताली वर्षातील कित्येक महिने पिवळे गवत आणि काटेरी झुडपे. पण नदी ज्या अरुंद घळीत कोसळते, तिच्या समोरच्या काठावर नेचे, अंजिराच्या जातीची मोठी झाडे, शिंदीची बने, असे हिरवेगार जंगल उभे आहे. त्यास 'पावसाचे रान' असेच म्हणतात. हा पाऊस आकाशातून येत नाही, खालून येतो. एक हजार सातशे मीटर रुंदीचे पाणी शंभर मीटरहून खाली आदळले म्हणजे त्याचा धूर शेकडो मीटर वर चढतो आणि समोरच्या काठावर अहोरात्र पडत राहतो. पन्नास पावले मागे गेले की रान संपते आणि माळ सुरू होतो. डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८५५ साली हा धूर कोसांवरून प्रथम पाहिला.

माळरानात हे एवढे, तर जेथे मुळातच वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस आहे अशा अरण्यात तुषारांच्या छायेत काय काय जगत असेल! हे आपण नीट पाहण्याच्या आतच त्यातले काही गेले. आता त्या गोष्टीकडे वळतो.

ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवर पाराना नदीवर ग्वायरा नावाचा एक धबधब्यांचा समूह होता. 'होता' हे मी मुद्दाम लिहिले. पोर्तुगीज भाषेत त्यास सेते केदास म्हणत, म्हणजे सात प्रपात. मोजले तर अठरा-एकोणीस भरत, पण ते सात गटांत पडत म्हणून हे नाव. उंचीने कोणताच फार मोठा नव्हता. सर्वांत मोठी उडी सुमारे चाळीस मीटर. परंतु पाणी! सेकंदाला सरासरी तेरा हजार घनमीटरांहून अधिक, म्हणजे वीस कायतुर एके ठिकाणी. सुमारे चारशे मीटर रुंदीची नदी साठ मीटरच्या चिरेत घुसत असे, आणि तिचा आवाज तीस किलोमीटरवर ऐकू येई असे सांगतात. ही जागा मकरवृत्ताच्या किंचित दक्षिणेस येते, म्हणून काटेकोर भूगोलवेत्ता तिला उष्ण कटिबंधात धरणार नाही. पण अरण्य तेच दमट, वेलींनी भरलेले, अटलांटिक किनाऱ्यापासून आत पसरत गेलेले. १९६१ साली ब्राझीलने तेथे राष्ट्रीय उद्यानही केले होते.

१९७३ साली ब्राझील आणि पॅराग्वे यांनी करार केला आणि खाली इताइपू येथे धरण बांधावयास घेतले. १९८२ च्या आरंभी सर्वांस कळून चुकले की हे धबधब्यांचे शेवटचे वर्ष. लोक निरोप घ्यावयास लोटले. १७ जानेवारी १९८२ रोजी गर्दीच्या भाराने एक झुलता पूल तुटला आणि तीसहून अधिक माणसे त्या प्रवाहात गेली. ऑक्टोबरच्या मध्यास धरणाचे दरवाजे बंद झाले. जलाशय भरावयास चौदा दिवस लागले. एकेक प्रपात खालून वर बुडत गेला. आवाज रोज कमी होत गेला. आणि महिना संपण्यापूर्वी तेथे एक शांत, तांबूस सरोवर पसरले. ब्राझीलचे थोर कवी कार्लोस द्रुमोन्द दे आंद्राद यांनी त्याच वर्षी या प्रपातांना निरोप देणारी कविता वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. राष्ट्रीय उद्यान रद्द करण्यात आले, कारण ज्यासाठी ते होते तेच राहिले नाही. हजारो शेतकरी कुटुंबे आणि नदीकाठचे ग्वारानी लोक उठविले गेले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इताइपूची वीज निरुपयोगी नव्हती. चौदा हजार मेगावॉट क्षमतेचे ते केंद्र आजही जगातील मोठ्या जलविद्युत केंद्रांत गणले जाते, आणि पॅराग्वेसारख्या लहान देशाच्या विजेचा फार मोठा भाग तेथून येतो. कोळसा जाळून तेवढी वीज करावयाची तर हवेची काय दशा झाली असती? आपणही शरावतीवर हेच केले. जोगच्या पाण्यावर १९४८ साली वीज सुरू झाली, १९६४ साली वर लिंगनमक्की धरण झाले, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात जोगला गेलेला मनुष्य काळ्या कातळावरच्या चार ओल्या रेघा पाहून परततो. त्या विजेवर चाललेल्या दिव्याखाली अभ्यास करून आपल्यापैकी कित्येकांची मुले डॉक्टर-इंजिनियर झाली. तेव्हा धरण बांधणारे सर्व दुष्ट आणि धबधबा पाहणारे सर्व सज्जन, असा सोपा निवाडा मला तरी करवत नाही. पण जे गेले त्याची नोंद तरी हवी. ग्वायराच्या तुषारांत कोणकोणते जीव होते, हे आता विचारण्यात अर्थ नाही.

इग्वासू त्याच पारानाची उपनदी. तिचे धबधबे पावणेतीन किलोमीटर रुंदीच्या अर्धवर्तुळात, सुमारे पावणेतीनशे धारांनी पडतात, ते बुडाले नाहीत. अर्जेंटिनाने १९३४ साली व ब्राझीलने १९३९ साली दोन्ही काठांवर राष्ट्रीय उद्याने केली, आणि तो अरण्याचा तुकडा राहिला. भोवतालचे जंगल मात्र शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर तोडले गेले आहे. पावसानंतर इग्वासूचे पाणी विटेसारखे तांबडे दिसते. प्रवासी त्याचेही कौतुकाने छायाचित्र घेतात. ते तांबडे पाणी म्हणजे वरच्या शेतांतील वाहून चाललेली माती होय. अरण्याची जमीन पालापाचोळ्याने सच्छिद्र असते, पाऊस तीत मुरतो आणि सावकाश नदीत येतो. झाडे गेली की तोच पाऊस मातीसकट एकदम येतो आणि मग पुढे नदी आटते. त्यामुळे धबधब्याचे आरोग्य धबधब्यापाशी नसते, शंभर कोस वर असते. इग्वासूचा सरासरी प्रवाह सेकंदाला सतराशे-साडेसतराशे घनमीटर. जून २०१४ च्या पुरात तो चाळीस हजारांच्या वर गेला होता.

इक्वेडोरमधील प्रकार याहून चमत्कारिक. ॲमेझॉनच्या वरच्या अंगास, अँडीज पर्वताच्या उतारावरील दाट अरण्यात, कोका नदीवर सान राफाएल नावाचा सुमारे दीडशे मीटर उंचीचा धबधबा होता. देशातील सर्वांत मोठा. २ फेब्रुवारी २०२० रोजी तो नाहीसा झाला. पाणी आटले नव्हते. नदीने कड्याच्या थोडे मागे तळाला भोक पाडले आणि कड्याखालून निघून गेली. पुढे वर काही काळ दगडाची कमान उभी होती. मूळ कारण असे की हा कडा म्हणजे जवळच्या रेव्हेन्तादोर ज्वालामुखीच्या लाव्हाने व राडारोड्याने हजारो वर्षांपूर्वी नदीस घातलेला एक नैसर्गिक बांध होता. त्याचे बूड पोकळ झाले. परंतु वरच्या बाजूस काही किलोमीटरवर २०१६ साली एक मोठे जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. त्याच्या बंधाऱ्यापाशी गाळ अडला, खाली आलेले पाणी गाळाविना 'भुकेले' झाले, आणि भुकेले पाणी तळ अधिक खाते, असे काही तज्ज्ञ म्हणतात. इतर तज्ज्ञ म्हणतात की धरण नसते तरी हे कधीतरी होणारच होते. हा वाद मिटलेला नाही. एवढे मात्र झाले की धबधब्याची पायरी मोडताच नदी आपले पात्र उगमाच्या दिशेने खोल खोल खणीत निघाली. ७ एप्रिल २०२० रोजी काठच्या तेलवाहिन्या तुटल्या, तेल नदीत गेले, आणि खाली त्याच पाण्यावर जगणाऱ्या किचवा लोकांच्या वस्त्यांची पाण्याची पंचाईत झाली. रस्ता खचला. खणत खणत नदी आता त्याच विद्युत केंद्राच्या बंधाऱ्याकडे सरकत आहे.

आता अखेरची हकीकत, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. टांझानिया देशात उडझुंग्वा नावाचे डोंगर आहेत. तेथील पावसाळी अरण्य फार जुने, आणि बेटासारखे एकाकी. किहान्सी नदी त्या डोंगराच्या कड्यावरून एका घळीत उतरते. देशाला विजेची अत्यंत निकड होती. म्हणून नदीचे पाणी वरच्या वर अडवून बोगद्याने खाली न्यावयाचे आणि १८० मेगावॉट वीज करावयाची असे ठरले. काम सुरू झाल्यावर, १९९६ साली, शास्त्रज्ञ घळीत पाहणीस गेले. धबधब्याच्या पायथ्याशी तुषारांनी भिजलेल्या गवताचे काही तुकडे होते, सर्व मिळून जेमतेम दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. त्या पाच एकरांत त्यांना एक सोनेरी-पिवळा भेक सापडला. लांबी एक इंचाच्या आतबाहेर. तो अंडी घालत नाही. सरळ पिलांना जन्म देतो, आणि एकेक पिलू तांदळाच्या दाण्याहून फार मोठे नसते. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही हा प्राणी नाही. त्या पाच एकरांत मात्र हजारो.

२००० साली केंद्र चालू झाले आणि नदीचे सुमारे नव्वद टक्के पाणी बोगद्यात गेले. तुषार थांबले, गवत वाळू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस ४९९ भेक पकडून विमानाने न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. इकडे घळीत एक उपाय योजण्यात आला, जो वाचून प्रथम हसू येते. बागेत हिरवळीवर पाणी शिंपडणारे फवारे असतात तसे नळ आणि बारीक फवारे त्या कड्यावर बसविले, नदीचे पाणी उतारानेच त्यांत सोडले, आणि धबधब्याची नक्कल सुरू केली. शिवाय नदीतही थोडे पाणी सोडावयाचे ठरले. आणि आश्चर्य असे की ते चालले! २००३ च्या मध्यास भेकांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. मग दोन-तीन महिन्यांत ती कोसळली. २००४ च्या आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिसले, आणि पुढे एकही नाही. जगभर बेडकांचा संहार करणारा एक बुरशीचा रोग तेथे पोचला होता. त्याच सुमारास धरणातील गाळ धुऊन काढला गेला, त्यात शेतांवरील औषधे वाहून आली असावीत असाही संशय आहे. २००९ साली हा भेक निसर्गातून नष्ट झाला असे जाहीर झाले.

तिकडे अमेरिकेतही प्रारंभी वाईट दिवस आले. काचेच्या पेट्यांत उजेड, खाद्य, ओलावा यांपैकी काय चुकते ते समजेना, आणि ४९९ चे काही डझन उरले. मग हळूहळू जमले. संख्या शेकड्यांत आणि पुढे हजारांत गेली. २०१० साली शंभर भेक दार-एस-सलामच्या विद्यापीठात त्यांच्यासाठी बांधलेल्या घरात परत आले, आणि २०१२ साली त्यांची संतती पुन्हा किहान्सीच्या घळीत सोडण्यात आली. निसर्गातून नष्ट म्हणून जाहीर झालेला उभयचर प्राणी आपल्या मूळ जागी परत सोडण्याची ही पहिलीच वेळ समजली जाते. विद्युत केंद्रही चालू राहिले. एका धबधब्याचे तुषार माणसाला नळाने पुरवावे लागतात, तेव्हा त्यास किती पैसा, किती वर्षे आणि किती माणसे लागतात, याचा हिशेब टांझानियाने जगासमोर मांडून ठेवला आहे.

हे सर्व दूरचे झाले. दूधसागराच्या तुषारांत काय आहे, असे कोणी विचारील. मोठा प्राणी शोधू नये, कातळाकडे पाहावे. धबधब्यांच्या आणि खळाळत्या पाण्याच्या दगडांवरच उगवणाऱ्या वनस्पतींचे एक स्वतंत्र कुळ आहे, पोडोस्टेमेसी. गयानापासून आफ्रिकेपर्यंत आणि आपल्या सह्याद्रीतही या कुळातील जाती आहेत. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी डॅल्झेल यांचे नाव त्यांतील एका प्रजातीस दिलेले आहे. प्रथमदर्शनी हे शेवाळ वाटते. दगडास ते इतके घट्ट चिकटलेले असते की नखाने निघत नाही. पावसाळाभर ते पाण्याखाली, प्रवाहाच्या माऱ्यात वाढते. पाणी ओसरले आणि कातळ उघडा पडला की घाईघाईने त्यास फुले येतात, बी धरते, आणि झाड वाळून जाते. नदीचे पाणी वर्षाच्या ठरलेल्या वेळी चढले आणि ठरलेल्या वेळी उतरले नाही, तर या वनस्पतीचे सर्व वेळापत्रक बिघडते.

आगगाडीच्या रुळांवरून चालत दूधसागराला जाण्यास बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. तो मोह तरुण मंडळींनी टाळावा. पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीपगाड्या जातात, शेवटचा टप्पा पायी. डिसेंबराच्या सुमारास गेल्यास पाणी कमी झालेले असते, आणि बरोबरची मंडळी "आता काय पाहायचे?" म्हणून कुरकुरतात. त्या वेळी ओढ्याच्या काठी उघड्या पडलेल्या दगडांपाशी बसून, घरून आणलेले भिंग असले तर ते लावून, जवळून पाहावे. तांबूस-तपकिरी खपलीवर मोहरीएवढी फुले दिसतील.